उपाशी अळीचं वय

माझ्या दोन आत्या जुळ्या. एकीच्या मागोमाग दुसरी जन्मली, तरी घरात एकीला थोरली आणि दुसरीला धाकटी म्हणायचा रिवाज पडला. आमचं गाव भालकी तालुक्यातलं, खटकचिंचोळीच्या अलीकडचं. घराणं मूळचं मेंढरं राखणारं. माझ्या अप्पांच्या, म्हणजे वडिलांच्या, काळात मेंढरं कमी होऊन शेती आली, पण घोंगडी आणि काठी दाराआड तशीच राहिली.

लहानपणी मला या दोघी वेगळ्या ओळखताच येत नसत. उंची तीच, रंग तोच, कपाळावरचं गोंदण एकाच बाईनं एकाच दुपारी गोंदलेलं. पंचमीला दोघी माहेरी आल्या की कासारीण दारात बसे. एकदा थोरली बांगड्या भरून आत गेली आणि धाकटी बाहेर येऊन हात पुढं करून बसली. कासारीण वैतागून म्हणाली, "आक्का, आत्ताच भरल्या की तुला. हात दुखायलेत माजे, चेष्टा करू नको." धाकटीनं रिकामे हात तिच्यापुढं हलवून दाखवले, तेव्हा कुठं ती ओशाळली.

त्याच पंचमीची आणखी एक आठवण आहे. थोरलीचा अंगावर पिणारा पोरगा झोपेतून उठला, रडत ओसरीवर आला आणि सरळ धाकटीच्या मांडीवर चढून पदर ओढायला लागला. धाकटीला तेव्हा मूल नव्हतं. ती लाजून लाल झाली. बायका हसून हसून लोळल्या. पोरगा मात्र तिनं "आरं, मी न्हाई" म्हटल्यावरच थांबला. आवाजात त्याला काहीतरी निराळं कळलं असावं. अप्पांना तर त्या कधीच एक वाटल्या नाहीत. मी विचारलं तेव्हा ते म्हणाले, "थोरली बोलायच्या आदी हसते, धाकटी बोलून झाल्यावर." मग मी बरेच दिवस दोघींच्या तोंडाकडं बघत बसायची.

थोरलीचं लग्न मेंढराच्या घरात झालं. पावसाळा सरला की ती माणसं कळप घेऊन तेलंगणाच्या अंगाला उतरत, तिथल्या रानात खतासाठी मेंढरं बसवत आणि उन्हाळा लागायच्या सुमाराला माघारी येत. तिची दोन लेकरं वाटेवरच झाली. डोक्यावर बिऱ्हाड, काखेत लेकरू आणि दिवसभर ऊन. दाताला तंबाखूची मिश्री. पुढं गायरानं उसाखाली गेली, चरायला जागा राहिली नाही. मेंढरं विकून ती आणि मामा, म्हणजे तिचा नवरा, उसाच्या खुरपणीला, तोडणीला जाऊ लागले. भालकीच्या बाजूला कारखान्यामुळं ते काम भरपूर होतं.

धाकटीचा नवरा दहावी पास होता. बिदरच्या बाहेर कोळारला नवे कारखाने उभे राहत होते, त्यातल्या एकात तो लागला. दोघांनी बिदरला दोन खोल्यांचं घर भाड्यानं घेतलं. गॅस आला, टीव्ही आला. धाकटीला एकच मुलगा. सकाळी नवऱ्याचा डबा भरून दिला की दिवस तिचा. शेजारच्या बायका, दुपारची मालिका, दर थोड्या वेळानं साखरेचा चहा आणि बशीत बिस्किटं. आम्ही पोरं सुटीत तिच्याकडं जायला टपलेली असू. थोरलीकडं जायचं म्हटलं तर ती कुठल्या रानात आहे तेच आधी शोधावं लागे.

मी बिदरला बी.एस्सी. केलं आणि प्राणीशास्त्र घेऊन पुढं शिकायला गुलबर्ग्याला गेले. माझ्या भावाचं लग्न निघालं ते त्याच वर्षात. उदगीरहून व्हिडिओवाला आणला होता. तो तरुण होता आणि हुशारीनं सगळ्यांना उभं करत होता. आत्या नवरदेवाजवळ आल्या तेव्हा त्यानं कॅमेऱ्यातून डोळा न काढता हात हलवला आणि म्हणाला, "आजी, तुमी जरा मागं व्हा. लेकीला पुढं येऊ द्या."

थोरली आधी हसली आणि "बरं बाबा" म्हणत मागं सरकली. धाकटी हसली नाही. तिनं थोरलीचा दंड धरून तिला ओढून आपल्या शेजारी उभं केलं आणि व्हिडिओवाल्याला म्हणाली, "आता घे."

त्या क्षणी मी त्यांना जणू पहिल्यांदा बघितलं. रोज बघणाऱ्याला बदल दिसत नाही, पण मी तर वर्षातून एकदोनदा बघणारी, तरी माझ्या ध्यानात आलं नव्हतं. थोरलीचे गाल आत गेले होते, कातडी वाळलेल्या आंब्याच्या फोडीसारखी झाली होती, दात पडले होते, केस निम्म्याहून पांढरे. शेजारी धाकटी भरल्या चेहऱ्याची, काळ्या वेणीची, हिरव्या जरीच्या लुगड्यात. व्हिडिओवाल्याचं तसं काहीच चुकलं नव्हतं.

जेवणं झाल्यावर मागच्या दारी मी थोरलीच्या हातावर पाणी ओतत होते. ती म्हणाली, "तू ह्येच शिकायलीस न्हवं? जिवाचं, रक्ताचं?"

"व्हय, आत्या."

"मग सांग. आमी दोगी एकाच पोटातल्या, एकाच वक्ताला आल्या. मीच कामून म्हातारी झाले?"

मी म्हटलं, "ऊन, कष्ट, बाळंतपणं. तुझं अंग झिजलं."

"ते मला बी ठावं हाय," ती म्हणाली. "मी इचारायलेय ते येगळंच. ऊन तर वर पडतंय. ते आत जाऊन काय करतंय?"

तिनं पदराला हात पुसले आणि उष्टी काढायला गेली. मी तांब्या घेऊन तिथंच उभी राहिले.

एकाच फलित अंड्यापासून झालेल्या जुळ्यांची जनुकं सारखी असतात, हे मी परीक्षेत लिहून आले होते. ते लिहिताना मला आत्या आठवल्या नव्हत्या. लग्नाहून गुलबर्ग्याला परतल्यावर मी आमच्या जनुकशास्त्राच्या सरांना गाठलं आणि व्हिडिओवाल्याची सगळी हकीकत सांगितली. ते आधी हसले, मग गंभीर झाले. म्हणाले, "तुझ्या कातडीच्या पेशीत आणि यकृताच्या पेशीत जनुकं एकच आहेत. मग कातडी यकृतासारखी का दिसत नाही?"

"सगळी जनुकं सगळीकडं काम करत नाहीत म्हणून."

"आणि कुठलं काम करील, कुठलं गप्प बसेल, हे कोण ठरवतं?"

मला पुस्तकातली ओळ आठवली. जनुकांवर जाऊन बसणारी प्रथिनं असतात. ती डीएनएवरच्या ठरावीक जागा ओळखतात, तिथं चिकटतात आणि शेजारचं जनुक सुरू करतात, नाहीतर बंद पाडतात. जनुकं तीच राहतात, पण ही प्रथिनं कधी आत येतात, कधी बाहेर थांबतात, त्यावर पेशीचं सगळं वागणं बदलतं. सर म्हणाले, "मग हीच प्रथिनं म्हातारपणातही हात घालत असतील का, असा प्रश्न पडायला पाहिजे. लोकांना पडलाय." त्यांनी कपाटातून एक झेरॉक्स काढून दिली. ती एका बारक्या अळीबद्दल होती. त्या अळीतलं एक जनुक बिघडवलं की ती दुप्पट जगते, असं त्यात होतं. मी ती झेरॉक्स इतक्या वेळा वाचली की घड्यांवर फाटली.

त्या अळीपायीच मी हैद्राबादला गेले. एका संशोधन संस्थेत प्रवेश परीक्षा देऊन जागा मिळाली. घरच्यांना मी सांगितलं की म्हातारपणावर काम करणार आहे. अप्पांना वाटलं मी म्हाताऱ्या माणसांच्या दवाखान्यात लागले. अळ्या बघते म्हटल्यावर आई म्हणाली, "त्येच्यासाटी इतकं शिकावं लागतंय?"

अळी लिहिलेल्या स्वल्पविरामाएवढी, मातीत राहणारी आणि काचेसारखी आरपार. तिचं सगळं आयुष्य दोनतीन आठवड्यांचं. सुरुवातीला ती सरपटत फिरते, मग मंदावते, अंग सुरकुततं, शेवटी तारेच्या टोकानं हलकेच डिवचलं तरी हलत नाही. हे डिवचण्याचं काम माझं होतं. रोज बशा उघडायच्या, एकेकीला तारेनं शिवायचं, हलली तर जिवंत. कंटाळवाणं वाटेल, पण मला कधी वाटलं नाही. सारख्या जनुकांच्या, एकाच बशीतल्या, एकच खाणं खाणाऱ्या अळ्यासुद्धा एकाच दिवशी मरत नसत. एक लवकर जायची, तिच्या शेजारची अजून फिरत असायची. मी माझ्या संशोधनाच्या गाइडना विचारलं, तर ते म्हणाले, "ते कुणालाच नीट माहीत नाही. माहीत झालं तर मला सांग."

एका दुपारी गाइडनी मला अंधाऱ्या खोलीत नेऊन सूक्ष्मदर्शकाशी बसवलं. या अळ्यांमध्ये आम्हाला हवं असलेलं, जनुकांवर बसणारं एक प्रथिन हिरवं चमकेल अशी सोय केलेली होती. आधी त्यांनी पोटभर खाल्लेली अळी दाखवली. हिरवा रंग तिच्या पेशींत सगळीकडं धुक्यासारखा पसरलेला. मग उपाशी ठेवलेली अळी दाखवली. तिच्यात धुकं नव्हतं. प्रत्येक पेशीच्या मधोमध एक हिरवा ठिपका, लखलखीत. प्रथिन पेशीच्या केंद्रकात शिरलं होतं, जिथं डीएनए असतो.

गाइडनी समजावलं ते असं. खाणं भरपूर असलं की शरीरात इन्शुलिनसारखा एक निरोप फिरतो. तो निरोप या प्रथिनाला केंद्रकाच्या बाहेरच थोपवून धरतो. खाणं तुटलं, उष्णता वाढली, काही संकट आलं की निरोप क्षीण होतो आणि प्रथिन आत जातं. आत जाऊन ते दुरुस्तीची जनुकं सुरू करतं. बिघडलेली प्रथिनं सावरणारी, विष निकामी करणारी, उष्णता सोसायला मदत करणारी. ज्या अळीत हा निरोपच जन्मतः क्षीण आहे ती दुप्पट जगते. पण तिच्यातून हे एक प्रथिन काढून टाकलं तर ते वाढीव आयुष्य राहत नाही. असंच प्रथिन माशीत आहे, उंदरात आहे, माणसातही आहे.

मी बराच वेळ त्या ठिपक्यांकडं बघत राहिले. म्हणजे माझ्या दोन्ही आत्यांतही हे होतं, अगदी हुबेहूब एकसारखं. मग ते थोरलीत कधी आत गेलं असेल आणि धाकटीत किती वर्षं बाहेर थांबून राहिलं असेल? पण या हिशेबानं तर उपाशी राहणारी, राबणारी थोरली तरुण दिसायला हवी होती. झालं होतं उलटंच. मला ते कोडं सुटेना आणि सुटत नाही म्हणून अधिकच आवडलं.

पुढं काही वर्षांनी धाकटीच्या डोळ्यांपुढं काळे धागे तरंगायला लागले. बिदरच्या डॉक्टरनी रक्त तपासलं, तर साखर कितीतरी वाढलेली. ती केव्हापासून वाढली असेल हे सांगता येईना. त्यांनी डोळ्यांसाठी हैद्राबादला जा म्हणून सांगितलं. तिच्या नवऱ्याला कारखान्यात रजा मिळेना, मुलगा पुण्याला नोकरीला लागलेला. म्हणून सोबतीला थोरली आली.

मी दोघींना आणायला बसस्टँडवर गेले. मला वाटलं होतं शहरात राहिलेली धाकटी थोरलीला सांभाळून आणेल. बघते तर धाकटी गर्दीला घाबरून पिशवी छातीशी धरून उभी आणि थोरली रिक्षावाल्याशी हुज्जत घालतेय, आधी दखनी उर्दूत, तो ऐकेना म्हणून तेलुगूत. मेंढरांमागं हिंडताना तिनं ते उचललं होतं. मी विचारलं तर म्हणाली, "अगं, ह्या मुलखात लई हिंडलेय मी. तवा हितं एवढी घरं नव्हती, एवढंच."

डोळ्यांच्या डॉक्टर एक मध्यमवयीन बाई होत्या. त्यांनी धाकटीच्या डोळ्यांत थेंब घालून बाहुल्या मोठ्या केल्या आणि आत बघितलं. म्हणाल्या, डोळ्याच्या पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या फार म्हाताऱ्या झाल्यात, ठिकठिकाणी पाझरतायत. लेझर करावं लागेल. मग थोरलीकडं बघून विचारलं, "या आई का?"

"बहीण," मी म्हटलं. "जुळी."

डॉक्टरांनी चष्मा काढून दोघींना पुन्हा नीट बघितलं. मला राहवेना. मी थोरलीचीही तपासणी करायला सांगितली. रक्त तपासलं, दाब बघितला, डोळे बघितले. मोतीबिंदू धरू लागला होता, उन्हानं धरतो तसा. बाकी साखर नीट, दाब नीट, पडद्यावरच्या वाहिन्या स्वच्छ. डॉक्टर म्हणाल्या, "नुसते डोळ्यांच्या आतले फोटो दाखवले असते, तर मी यांना धाकटी म्हटलं असतं."

बाहेर येऊन धाकटी बाकावर बसली. मग म्हणाली, "म्हंजे मी वरून कोवळी आन् आतून सडलेली."

"गप," थोरली म्हणाली. "पेरू हायस का तू."

धाकटीला हसू आलं आणि त्या पाठोपाठ रडू. थोरलीनं पिशवीतून भाकरीचा तुकडा काढून तिच्या हातात दिला.

लेझर झाल्यावर दोनचार दिवस त्या माझ्याच खोलीवर होत्या. रविवारी गाइडना विचारून मी त्यांना प्रयोगशाळेत नेलं. धाकटीच्या एका डोळ्यावर पट्टी होती, तिनं दुसऱ्या डोळ्यानं बघितलं. थोरलीनं चपला दाराबाहेर काढल्या, आणि मी नको म्हटलं तरी अनवाणीच आत आली.

"हे काय, जंत हायेत का?" थोरलीनं भिंगातून बघत विचारलं.

"न्हाई, मातीतली अळी. कुणाच्या पोटात जात न्हाई."

"हालायलीय."

मी त्यांना जमेल तसं सांगितलं. आत एक वस्तू आहे, ती पोट भरलेलं असलं की पेशीच्या मधल्या घराबाहेर राहते, उपाशी असलं की आत जाते आणि मोडलेलं दुरुस्त करायला लावते. थोरलीनं विचारलं, "आमच्यात बी हाय?"

"हाय. तुमच्या दोघींत अगदी सारखीच."

"मग माझ्यात कामून न्हाई दुरुस्त केलं?"

"केलं असंल, आत्या. आत केलं असंल. कातडीवर ऊन आन् तंबाखू रोजच मारा करायलेत, तिथं दुरुस्ती पुरी पडली नसंल. आन् धाकट्या आत्याच्या अंगात ती वस्तू लई वर्सं बाहेरच थांबली असंल, साखरेमुळं. पण मला हे नक्की ठावं न्हाई. वाटतंय एवढंच."

"ठावं न्हाई म्हणालीस ते बरं झालं," थोरली म्हणाली. "डागदरीण लई नक्की बोलत होती."

मग मी त्यांना दुसरी बशी दाखवली. या अळीची एक गंमत आहे. ती अगदी लहान असताना उपासमार झाली, तर ती नेहमीच्या वाटेनं वाढतच नाही. तोंड मिटून घेते, कातडी जाड करते आणि वाट बघत राहते. एरवी आठवड्यांत संपणारी अळी अशा अवस्थेत महिनोन्महिने तग धरते. खाणं आलं की तोंड उघडते, मोठी होते, अंडी घालते, जणू मध्ये काही घडलंच नाही.

"तोंड मिटून बसती?" धाकटीनं विचारलं.

"व्हय."

दोघींनी एकमेकींकडं बघितलं. थोरली म्हणाली, "बहात्तरला आमचं तसंच झालतं."

बहात्तरच्या दुष्काळाच्या गोष्टी मी घरात ऐकलेल्या होत्या, पण ही नाही. तेव्हा दोघी वयात आलेल्या पोरी, लग्नं व्हायची होती. रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायच्या. खायला लाल मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या ज्वारीची भाकरी, तीही पोटभर नाही. थोरली म्हणाली, "दोगींचं बी बाहेर बसायचं बंद झालं. एकाच महिन्यात. आई लई भेली. कुणाला सांगावं, लोक काय म्हणतील. दोन पोरी एकदम."

"मग?"

"मग काय, पुढल्या साली पाऊस झाला, ज्वारी आली, पोटाला मिळालं. परत सुरू झालं. आईनं गूळ वाटला गल्लीत. कामून वाटायलीस, म्हणून इचारलं बायकांनी, तर म्हणाली असाच."

धाकटी सूक्ष्मदर्शकाशीच बसून होती. ती म्हणाली, "मग ते वरीस आमच्या वयात धरायचं का न्हाई?"

मी हसले नाही. कारण प्रश्न अगदी बरोबर होता आणि मी तो कधी असा विचारला नव्हता. म्हटलं, "अळीचं धरत न्हाईत म्हणतात. माणसाचं मला ठावं न्हाई."

"धरत असतील," थोरली म्हणाली. "माझे गुडघे तवापासनं दुखायलेत."

निघताना धाकटीनं आणखी एक विचारलं. डॉक्टरनी तिला खाणं कमी करायला सांगितलं होतं, ते तिच्या मनात असावं. "ती उपाशी अळी खुशीत असती का गं?"

मी जे रोज बघत होते ते सांगितलं. पोट भरलेली मोठी अळी बहुतेक एका जागी पडून राहते, उपाशी असली की बशीभर फिरत राहते.

थोरली म्हणाली, "मग खुशीत न्हाई. हुडकायलीय."

त्या गेल्यावर मी गाइडना सांगून माझ्या कामाच्या जोडीनं एक छोटा प्रयोग लावला. उत्तर पुस्तकात होतंच, तरी मला ते स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. तोंड मिटून बसलेल्या अळ्या घेतल्या, त्यांना खाणं दिलं आणि कधीच उपाशी न राहिलेल्या, नुकत्याच वाढू लागलेल्या अळ्यांच्या शेजारी ठेवलं. रोज तारेनं शिवत गेले. दोन्ही बशांतल्या अळ्या साधारण बरोबरीनं म्हाताऱ्या झाल्या आणि बरोबरीनंच संपल्या. वाट बघण्यात गेलेला काळ जणू त्यांना लागलाच नव्हता.

मी बिदरला फोन लावला. "आत्या, अळीचं न्हाई धरत. मी बगितलं."

पलीकडून धाकटी म्हणाली, "मग मी एक वरीस ल्हान हाय म्हणायला हरकत न्हाई," आणि मग हसली.

मी तिला बजावलं की अळी आणि माणूस यांत फार अंतर आहे आणि साखरेच्या गोळ्या घेणाऱ्यानं उपाशी राहायचं नसतं. त्याची गरज होती, कारण ती उपासवाली बाई. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, सगळं धरायची. उपासाला साबुदाणा, शेंगदाण्याचा लाडू, मध्येमध्ये चहा. माझ्या अळ्यांनी त्याला उपास म्हटलं नसतं. तिला मी नुसतं एवढं सांगितलं की देवाला चहात साखर लागत नाही. ते तिला पटलं.

खरा फरक पडला तो थोरलीमुळं. उसाचं काम नसलेल्या दिवसांत ती बिदरला येऊन राहिली. ज्वारीची भाकरी आणि पालेभाजी सुरू केली, बिस्किटांचा डबा शेजारणीला देऊन टाकला. सकाळी धाकटीला घेऊन कोळारच्या रस्त्यानं चालायला जायची. धाकटी लवकर दमायची. थोरली पुढं जाऊन एखाद्या झाडाखाली थांबायची आणि ती आली की लगेच चालायला लागायची. धाकटी फोनवर तक्रार करायची, "मला मेंढरावानी हाकायलीय ही." पण साखर उतरली. एका डोळ्याची नजर थोडी गेली ती गेली, दुसरा टिकला.

एव्हाना माणसांवरचे लेख वाचायला मिळू लागले होते. फार वय गाठलेल्या लोकांत त्या प्रथिनाच्या एका भावंडाच्या जनुकाचे काही प्रकार जास्त आढळतात, असं त्यांत असे. मला मोह झाला. दोघींचं रक्त घेऊन तपासावं. थोरली लगेच तयार झाली. धाकटीनं विचारलं, "त्येच्यात कोन आदी जाणार ते कळतंय का?"

"न्हाई."

"मग घे. कळत असतं तर दिलं नसतं."

पण गाइडनी समजावलं की काही हाती लागणार नाही. जनुकाचा जो प्रकार एकीत असेल तोच दुसरीत असणार. फरक जनुकात नाहीच. फरक त्या प्रथिनाला आयुष्यभर मिळालेल्या निरोपांत आहे, आणि ते निरोप दोन बायकांच्या रक्तावरून उलगडत नाहीत. त्याला जुळ्यांच्या शेकडो जोड्या लागतील. मी रक्त घेतलं नाही. थोरलीला सांगितलं तेव्हा ती थोडी हिरमुसली. तिला वाटलं होतं आपल्या रक्तात काहीतरी सापडेल.

माझं हैद्राबादचं काम संपलं आणि मी गुलबर्ग्याला एका कॉलेजात शिकवायला लागले. त्याच सुमाराला थोरलीचा मुलगा पुण्याला गाडी चालवायला गेला. सून पाळणाघर परवडत नाही म्हणू लागली, तेव्हा नातवाला सांभाळायला ती दोघं थोरलीला घेऊन गेली. आयुष्यभर उघड्यावर राहिलेली बाई पाचव्या मजल्यावरच्या एका खोलीत राहू लागली. ऊन नाही, ओझं नाही, तोडणी नाही. मिश्रीही सुनेनं बंद करायला लावली.

मला लगेच प्रश्न पडला की आता तिच्या आत काय बदलेल. बाहेरचे मारे थांबले, पण चालणंही थांबलं आणि खाणं वाढलं. त्या हिरव्या ठिपक्यांचं धुकं होईल का? वर्गात शिकवतानाही मध्येच ते मनात यायचं. मी तिला फोन करून विचारायची, आत्या, काय खाल्लंस, किती चाललीस. तिला ते विचित्र वाटत असावं.

"तू मला त्या बशीत ठेवलंस का काय?" ती एकदा म्हणाली.

"तसं न्हाई आत्या, काळजी वाटते."

"काळजी धाकटीची कर. रोज फोन करून मला माझंच खाणं सांगतीया ती, ज्वारीचं खा म्हणून."

"आन् चालायलीस का?"

"हितं कुटं चालू? खाली मोटारी, वर भिंती. पण नातवाला कडेवर घेऊन खाली-वर करायलेय. लिफ्टमदी जीव घाबरतोय माजा, म्हणून जिन्यानंच."

"पाच मजले?"

"मग. सून म्हणती, आत्याबाई, गुडघे दुखतील. मी म्हटलं ते तर दुखायलेतच." तेवढ्यात पलीकडं नातू रडायला लागला, ती "आले, आले" म्हणाली आणि फोन तसाच चालू ठेवून त्याला उचलायला गेली. मी बराच वेळ ऐकत राहिले, तिची दखनी, तिचं तेलुगू, तिचं मराठी, सगळं मिसळून ती त्याला काहीतरी सांगत होती.